चारशे मीटरचा न झालेला फूटपाथ

सावरपेठेत मुथांच्या घरापासून जैन स्थानकापर्यंत चारशे मीटरचा फूटपाथ झाला. गटारावर सलग फरशी, वर पिकअप नाही, शेळी नाही, कुणाची खाट नाही. हे वाचून झालं असेल तर आता विसरून जा. असा फूटपाथ झालेला नाही. तो झाला असं मानलं की तो काढावा लागतो, म्हणून गावानं एकमतानं ठरवलंय की तो झालेलाच नाही. गावाचं कुठल्याही विषयावर खरंखुरं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळं आपणही ते मोडायला नको.

सावरपेठ नारायणगावहून ओझरकडं जाताना लागते. लागते म्हणजे, जीपवाल्यानं थांबवली तर लागते. एक पेठ, एक रस्ता, रस्त्याच्या कडेला उघडं गटार आणि गटाराच्या कडेला टोमॅटोच्या पिकअप गाड्या. चालणाऱ्या माणसाला रस्ता, गटार आणि पिकअप यांतून एकाची निवड करायची असते.

अंकित नेमीचंद मुथा, वय एकतीस, बी.कॉम. वडिलांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील. अर्ज केला की काम होतं, अशी त्याची मनापासून समजूत होती. अर्ज लिहून देणाऱ्याला ही समजूत परवडते, कारण काम नाही झालं तर माणूस दुसरा अर्ज लिहून घ्यायला येतो.

त्याची स्वतःची अडचण एकच होती, ती म्हणजे त्याची आई. चंदाबाईंचा नियम असा, की चातुर्मासाचे चार महिने वाहनात बसायचं नाही. रोज सकाळी त्या चालत स्थानकात जायच्या, प्रवचन ऐकायच्या, चालत परत यायच्या. गेल्या वर्षी गोरखच्या पिकअपला वळसा घालताना त्या गटारात गेल्या आणि डावं मनगट मोडलं. मोडल्यावरही त्या गाडीत बसल्या नाहीत. शेवटी नारायणगावचे हाडाचे डॉक्टर गाडीत बसून सावरपेठेत आले. त्यांचा तसा काही नियम नव्हता.

या वर्षी चातुर्मास लागला आणि चंदाबाई पुन्हा चपला घालून उंबऱ्यावर.

"मम्मी, या वर्षी तरी मोटरसायकलवर बस. चारशे मीटर तर आहे."

"चारशे मीटरच आहे ना? मग कशाला मोटरसायकल?"

अंकितनं त्यानंतर ग्रामपंचायतीला सहा अर्ज केले. तीन गटार झाकण्यासाठी, तीन गोरखची पिकअप हलवण्यासाठी. गटाराच्या अर्जावर शेरा आला की पिकअप हलल्याशिवाय गटाराची पाहणी करता येत नाही. पिकअपच्या अर्जावर शेरा आला की गटार झाकल्याशिवाय पिकअपला पर्यायी जागा नाही. दोन्ही शेरे एकाच हस्ताक्षरात होते.

आणि अशात रत्नदीप योजना घेऊन आला.

रत्नदीप हा पेठेतल्याच भागुजींचा मुलगा, अंकितच्या वर्गातला. सध्या कंत्राटावर सर्वेक्षक. योजना अशी, की शाळा, दवाखाना, किराणा, बँक, सगळं घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीत असावं, आणि तिथवर नीट चालत जाता यावं. म्हणजे फूटपाथ, झाडं, बाकडी. त्यासाठी घरोघर एक फॉर्म भरून घ्यायचा. "तू समन्वयक हो," रत्नदीप म्हणाला. "मानधन नाही. ओळखपत्र मिळंल." ओळखपत्राचा नमुना आला, तो अंकितनं स्वतःच छापला, स्वतःच लॅमिनेट केला आणि गळ्यात घातला. पहिल्या दिवशी त्यानं तो जेवतानाही काढला नाही.

आता त्या फॉर्मविषयी. विनोद वगळून सांगायचं तर जगातले बरेचसे गैरसमज झेरॉक्स मशीनच्या ट्रेमध्ये जन्माला येत असावेत.

जैनांमध्ये रोज सकाळी चौदा नियम घेण्याची पद्धत आहे. आज किती पदार्थ खाईन, किती चपला वापरीन, किती वाहनांत बसेन, किती दूर जाईन, किती वेळा आंघोळ करीन, हे आपलं आपण ठरवायचं आणि तेवढ्यावर राहायचं. चंदाबाईंनी महिला मंडळासाठी त्याचा एक तक्ता काढला होता. डावीकडं नियम, उजवीकडं रिकामी चौकट, मथळा 'आजची मर्यादा'. वर नवकार मंत्राची ओळ होती, ती त्यांनीच काढायला लावली. "कागद कुठंही पडतो, पायाखाली येतो. पवित्र अक्षर नको." त्यामुळं त्या कागदाचा धर्माशी संबंध आहे, हे सांगणारी एकमेव ओळ धर्मासाठीच गेली.

अंकितनं तक्त्याच्या साठ प्रती काढल्या आणि त्या चुकून कोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये गेल्या. मग त्यानं त्याच ट्रेमधून योजनेचे फॉर्म काढले. अशा रीतीनं सावरपेठेतल्या साठ घरांत जो कागद गेला, त्याच्या पुढच्या बाजूला शासनाचं बोधचिन्ह आणि 'आपण घरापासून किती अंतर चालता?' असा प्रश्न होता, आणि मागच्या बाजूला 'आजची मर्यादा: पादत्राणे, वाहन, वस्त्रे, बिछाना, दिशा, स्नान' अशा चौदा चौकटी.

पहिला माणूस दुपारी दोन वाजता आला. तो गोरख होता.

गोरख टोमॅटोचा व्यापारी. त्याच्याकडं दोन मोबाइल होते. एक भाव कळायला आणि एक जगात काय चाललंय ते कळायला. दुसऱ्या मोबाइलवर त्याला महिनाभरापूर्वीच कळलं होतं, की परदेशात सरकारनं माणसं पंधरा मिनिटांच्या आत कोंडून घातलीत आणि बाहेर पडायला परवाना लागतो.

"हद्दवाले," गोरख म्हणाला. त्यानं अंकितला नावानं हाक मारली नाही. "पुढचं वाचलं. लई गोड लिवलंय. आता पाठीमागं बघू. सरकार खरं ते पाठीमागंच लिहितं."

अंकितनं कागद उलटा केला.

"अरे, हे मम्मीचं आहे!"

"काय?"

"हा तक्ता. आमच्या मंडळाचा. चुकून छापला गेला."

"म्हंजे चंदाकाकीच्या मंडळानं माझ्या चपला मोजायच्या?"

"तुझ्या नाही. स्वतःच्या."

"मंग माझ्या घरी कशाला आला कागद?"

अंकितनं ट्रेचं सगळं समजावून सांगितलं. मशीन उघडून दाखवलं. गोरखनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, "त्याला बी कायतरी बोलायला सांगितलंय. मशीनवर ढकलतोय."

संध्याकाळपर्यंत पेठेत तपशील ठरले. माणशी एक चप्पल. घरटी एक बिछाना. आंघोळ दिवसाआड. अकराव्या चौकटीत ब्रह्मचर्य लिहिलं होतं. तिच्याबद्दल चावडीवर कुणी चकार शब्द काढला नाही, पण तिसऱ्या दिवशी विशेष ग्रामसभेला जी विक्रमी गर्दी झाली, ती मुख्यतः त्या अकराव्या चौकटीमुळंच झाली, असं जाणकार सांगतात.

मधल्या दोन दिवसांत अंकितच्या दुकानावर बहिष्कार पडला. लोक आधारकार्डाची एक झेरॉक्स काढायला जीपनं नारायणगावला जाऊ लागले. गरज नसणारेही गेले. आपण पंधरा मिनिटांच्या बाहेर जाऊ शकतो, हे जाता येतंय तोवर जाऊन बघायचं होतं.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. पहिल्यांदा भागुजी उठले. भागुजींनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली होती आणि सरकारबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान त्या तीस वर्षांतलं होतं.

"मंडळी, सर्वेक्षक माझाच पोरगा हाय. म्हनूनच सांगतो, त्याच्यावर इस्वास ठेवू नका."

"अण्णा!" रत्नदीप म्हणाला.

"तू गप. सरकार आधी काय करतं? टप्पा ठरवतं. एकदा टप्पा पडला की तिकीट आलंच. मी तीस वर्षं फाडलीत. ह्यो पंधरा मिनटांचा पयला टप्पा हाय."

अंकित उठला. गळ्यातलं ओळखपत्र सरळ करून त्यानं सगळा प्रकार पहिल्यापासून सांगितला. चौदा नियम, ट्रे, मंत्राची ओळ. शेवटी म्हणाला, "विश्वास नसेल तर मम्मीला विचारा." ही त्याची चूक.

चंदाबाई पुढं आल्या. गोरखनं हात जोडले.

"काकी, चार महिनं तुमी गाडीत का बसत न्हाई?"

"नियम आहे."

"कुनी लावला?"

"कुणी नाही. मीच घेतला."

गोरख सभेकडं वळला. "बघा. किती पक्कं शिकवून ठेवलंय."

"आंघोळ किती येळा?" मागून एका बाईनं विचारलं.

"एकदा. का, तुम्ही किती वेळा करता?"

"आन् गावाबाहेर?"

"नाही जात. ओढ्याच्या पलीकडं पाय नाही टाकला आषाढापासून."

सभेनं अर्थ काढला. म्हणजे योजना येणार नव्हती, आलेली होती. आणि एका घरावर चाचणीही झाली होती. पेठेतल्या साळुबाईंनी तर पुढं होऊन चंदाबाईंचा गेल्या वर्षी मोडलेला हात हातात घेतला आणि विचारलं, "ह्यो बी त्यांनीच?" 

योजनेच्या विरोधात ठराव झाला. एकमतानं. अंकितनं विरोधात हात वर केला होता, पण त्याच्या गळ्यात ओळखपत्र असल्यामुळं तो शासनाचा हात धरण्यात आला.

"ठराव घ्या," रत्नदीप म्हणाला. "पण वरून आदेश आहे. पंधरा तारखेला चालीचं मोजमाप होणारच. प्रत्येक घरातला एक माणूस पंधरा मिनिटं चालेल, मी मोबाइलवर अंतर मोजणार."

"जेवढं चाललं तेवढं त्याचं?" गोरखनं विचारलं.

"त्याचं म्हणजे, तेवढं अंतर नोंदवणार."

"तेच म्हनतो मी."

रत्नदीपनं पुढं बरंच काही स्पष्ट केलं, पण सभा उठली होती. ठराव आपल्या जागी, तयारी आपल्या जागी. हद्द पडणारच असेल, तर ती जास्तीत जास्त लांब पडली पाहिजे, एवढं सावरपेठेला कळलं. गोरखची टोमॅटोची शेती एकोणीसशे मीटरवर होती. पंधरा मिनिटांत तिथं पोचलं नाही, तर शेत हद्दीबाहेर. भागुजींची लेक वैष्णवी निमगाव सावाला दिलेली. तिथवर पंधरा मिनिटांत चालत जाणं मनुष्यमात्राला शक्य नव्हतं, पण भागुजी म्हणाले, "जेवढं जमंल तेवढं जवळ जाऊ. उरलेलं तिनं इकडं यावं."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अख्खी पेठ चालायला लागली. धोतरवाले, नऊवारीवाल्या, मधुमेहवाले. ज्यांना डॉक्टरांनी दहा वर्षं चाला चाला म्हणून सांगितलं होतं आणि ज्यांनी त्याबद्दल डॉक्टर बदलले होते, ते सरकारच्या विरोधात रोज चार किलोमीटर चालू लागले. अंकित ओट्यावर बसून हे बघत होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं, पण दुकानावरच्या घड्याळात वेळ मात्र सगळे बघून जायचे.

तिसऱ्या दिवशी गोरख दुकानासमोर थांबला. धापा टाकत होता.

"चाळीस मीटर कमी पडत्यात."

अंकित मशीन पुसत राहिला. बहिष्कृत माणसालाही काही मान असतो.

"ती पिकअप हाय ना मधी, तिला वळसा घालावा लागतो. तिथंच जात्यात सगळे."

"कुणाची पिकअप?" अंकितनं विचारलं. याचं उत्तर त्यानं तीन अर्जांत लिहून दिलं होतं.

गोरखनं त्याच्याकडं बघितलं. मग पिकअपकडं. मग जाऊन पिकअप काढली आणि मळ्यात नेऊन लावली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या चार पिकअपही गेल्या, कारण गोरखची हद्द आपल्यापेक्षा लांब पडलेली कुणालाच परवडणार नव्हती.

मग उरलं गटार. उडी मारण्यात माणशी पाच-सात सेकंद जातात, असा भागुजींनी हिशोब काढला. गोरखनं घराच्या बांधकामातून उरलेली शहाबादी फरशी आणली. भागुजींनी जुन्या गोठ्याचे दगड दिले. ज्याच्या दारासमोर गटार, त्यानं ते झाकायचं, असं ठरलं. पाच दिवसांत मुथांच्या ओट्यापासून स्थानकाच्या पायरीपर्यंत चारशे मीटर गटार झाकलं गेलं. मधे एक खाट आडवी होती, ती खाटेवरच्या म्हाताऱ्यासकट उचलून आत ठेवण्यात आली.

सहाव्या दिवशी सकाळी चंदाबाई त्यावरून चालत स्थानकात गेल्या. पूर्वी वीस मिनिटं लागायची, त्या दिवशी सात लागली. प्रवचनाला अजून वेळ होता, म्हणून त्या परत आल्या आणि पुन्हा गेल्या. अंकितनं हे ओट्यावरून पाहिलं. सहा अर्ज, एक ओळखपत्र आणि बी.कॉम.ची पदवी यांनी जे झालं नव्हतं, ते त्याच्या विरोधात झालं होतं. आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण थोडा अपमान होऊन झाला.

पंधरा तारखेला मोजमाप झालं. रत्नदीपनं शिट्टी वाजवली आणि साठ घरांतली साठ माणसं सुटली. त्याला चालणं म्हणायचं की नाही, हा तांत्रिक मुद्दा आहे. भागुजींनी धोतराचा काचा मारला होता. साळुबाईंनी दंडाला ताईत बांधला होता. गोरख चौदा मिनिटं चाळीस सेकंदांत शेताच्या बांधावर पोचला आणि बांधावरच आडवा झाला, पण आडवा होताना त्यानं डोकं शेतात पडेल याची काळजी घेतली.

आठ दिवसांनी वरून उत्तर आलं. रत्नदीपनं ते पारावर वाचून दाखवलं. 'सदर वस्तीतील नागरिकांचा सरासरी वेग पाहता नागरिक पायी चालत नसून वाहनाने प्रवास करीत असल्याचे प्रणालीच्या निदर्शनास आले आहे. सबब सदर वस्ती चालण्याच्या योजनेस अपात्र ठरविण्यात येत आहे.' सोबत एक जोडपत्र होतं. मोजमापाच्या वेळी एक्केचाळीस घरांनी फॉर्मची मागची बाजूही भरून दिली होती, त्यातली स्नानाची माहिती पाणीपुरवठ्याकडं वर्ग करण्यात आली होती. जास्त पाणी मिळेल या आशेनं भागुजींनी आंघोळीच्या चौकटीत तीन लिहिलं होतं. त्यांना जादा वापराबद्दल खुलासा मागवला होता.

"सांगितलं व्हतं," भागुजी म्हणाले. "टप्पा पडला."

पण बाकी गावात जल्लोष झाला. सरकार हरलं होतं. गोरखनं पेढे वाटले, अंकितलाही दिला. "जाऊ दे राव, तुझा काय दोष. तुला बी वरूनच सांगितलेलं." अंकितनं शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा ट्रेचं सांगितलं. गोरखनं त्याच्या पाठीवर हात ठेवून दुसरा पेढा दिला.

अंकितचं लक्ष पेढ्यावर नव्हतं. हद्दीची भीती गेली, म्हणजे पिकअप परत येणार, हे त्याला दिसत होतं. त्याच संध्याकाळी गोरख पिकअप घेऊन आलाही. पुढची दोन चाकं फरशीवर चढवली आणि तेवढ्यात रत्नदीप सायकलवरून दुसरा कागद घेऊन आला.

ती नोटीस होती. 'सदर वस्ती योजनेस अपात्र असताना सार्वजनिक गटारावर विनापरवाना फूटपाथ बांधल्याचे आढळून आले आहे. तरी सात दिवसांत तो स्वखर्चाने काढून गटार पूर्ववत उघडे करावे.'

गोरखनं नोटीस दोनदा वाचली. सवयीनं मागची बाजूही बघितली. मागं काहीच नव्हतं. त्यामुळं तो जास्तच चिडला.

"माझी फरशी! माझ्या दारातली! सरकार कोन काढनार?"

"सरकार नाही, तूच काढायचीस," रत्नदीप म्हणाला. "स्वखर्चानं लिहिलंय."

गोरखनं पिकअप मागं घेतली. मळ्यात नेऊन लावली, परत आला आणि फरशीवर मांडी घालून बसला. "आता बघतो कोन हात लावतंय." अर्ध्या तासात भागुजी येऊन बसले, मग साळुबाई. सगळे चारशे मीटरवर अंतरा-अंतरानं बसले. त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी चंदाबाईंना चालायला जागाच उरली नाही.

"उठा बघू," त्या म्हणाल्या. "मला जायचंय."

"काकी, आंदोलन हाय."

"असू दे. मी गेले की पुन्हा बसा."

मग तशी वेळ ठरली. साडेसातला सगळे उठायचे, चंदाबाई जायच्या, सगळे बसायचे. साडेनऊला पुन्हा उठायचे. सहा दिवस असं चाललं. त्या जाताना गोरखला रोज विचारायच्या, "आज काही नियम घेतलास का?" पाचव्या दिवशी गोरखनं चोरून चहा दोनच कप घ्यायचा नियम घेतला. कुणाला सांगितला नाही, कारण त्याचा अर्थ लोक काय काढतील ते त्याला चांगलं माहीत होतं.

सहाव्या दिवशी आंदोलन अंकितच्या ओट्यावर आलं. "अर्ज लिही," गोरख म्हणाला. "कडक लिही. तुला येतं ते." कित्येक आठवड्यांनंतर कुणीतरी त्याच्याकडं अर्ज लिहायला आलं होतं. अंकितनं ओळखपत्र काढून खणात ठेवलं, पेनाचं टोपण उघडलं आणि गाव म्हणेल तसं, पण आपल्या भाषेत, पुढीलप्रमाणं लिहिलं:

'मा. साहेब,

विषय: अस्तित्वात नसलेला फूटपाथ न काढणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी नम्र निवेदन की, सदर ठिकाणी कोणताही फूटपाथ बांधण्यात आलेला नाही. प्रत्येक घरमालकाने आपापल्या दारात आपापली फरशी वाळत ठेवली असून ती योगायोगाने एका रेषेत आली आहे. सदर फरशी पूर्ण वाळण्यास किती काळ लागेल हे सांगता येत नाही. तथापि ही बाब मान्य नसल्यास, नोटिशीतील सात दिवसांची मुदत मोजताना ज्या दिवशी सौ. चंदाबाई नेमीचंद मुथा या घरातून चालत बाहेर पडणार नाहीत, केवळ तेच दिवस धरण्यात यावेत, व असे सात दिवस पूर्ण होईपर्यंत कारवाई स्थगित ठेवून तसे लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'